लॅबमध्ये पळणारी चिप, कंपनीपुढे मात्र थेंब दारातच बसला

चिपवाली_फोंडा
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एका लॅबमध्ये चार वर्षं मायक्रोफ्लुइडिक चिपवर काम करतेय. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब चिपच्या तोंडाशी ठेवायचा. तो केसाएवढ्या वाहिन्यांतून आपला आपण आत सरकतो, वाटेत रक्तपेशी मागे राहतात आणि टोकाच्या खळग्यात वाळवून ठेवलेली प्रतिपिंडं डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ हे प्रथिन पकडतात. पंप नाही, वीज नाही. पेपर छापून आला, गाइडनी पेढे वाटले.

मग चवथीच्या आधी एका कंपनीची माणसं बघायला आली. आठवड्यापूर्वी केलेल्या दहा चिप डब्यात होत्या. पहिलीवर थेंब ठेवला, तर तो अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा तिथंच बसून राहिला. दहांतल्या दोन चालल्या. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं आणि ‘तयार झालं की कळवा’ म्हणून निघाले. चहा तसाच राहिला.

आता आधी काय करू? कंपनी काढू, परवान्यामागे लागू, की कारखाना शोधू? अनुदानाचे सहा महिने उरलेत.

वेर्ण्यातला_एक
चिप पीडीएमएसची, म्हणजे त्या मऊ पारदर्शक सिलिकॉन रबराची ना? दहा भागांना एक भाग घट्ट करणारं द्रव्य मिसळून ओव्हनमध्ये ठेवायची, प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विजेने चेतवलेला वायू) मारून काचेवर चिकटवायची? मग थेंबाचा काही दोष नाही. प्लाझ्माने पृष्ठभाग पाणी ओढणारा होतो खरा, पण सिलिकॉनच्या आतल्या छोट्या साखळ्या हळूहळू वर येतात आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत तो पुन्हा पाणी झटकायला लागतो. तुम्ही लॅबमध्ये सकाळी केलेली चिप दुपारी वापरत होता, म्हणून कळलं नाही. शिवाय पीडीएमएसमधून वाफ निघून जाते आणि काही रेणू ते स्वतःच शोषून घेतं.

हार्वर्डच्या व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली ती कल्पना झटपट करून बघता यावी म्हणून. विकायची वस्तू कडक प्लास्टिकची, म्हणजे सीओसी, सीओपी किंवा अ‍ॅक्रिलिकची, इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून करतात. वर झाकण म्हणून पाणी ओढणारी चिकट फिल्म लावता येते. साखर मोजायच्या पट्टीत तेच असतं.

परवान्याचं थोडक्यात: २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्य देतं, सी आणि डीचा दिल्लीहून. तुमचा वर्ग आत्ताच बघा, कारण किती कागद लागणार ते त्यावर ठरतं. आणि पेपरच्या आधी पेटंटचा अर्ज केला होता का? छापून आलेली गोष्ट आपल्याकडे नवी धरत नाहीत, अपवाद मोजकेच.

उदाहरण हवं तर लांब जायला नको. ट्रूनॅट ही जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी करणारी मोलबायो कंपनी गोव्यातलीच. क्षयरोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्यांची चाचणी उचलून धरली. पण त्यामागे बंगळुरूच्या बिगटेकचं कित्येक वर्षांचं काम आहे. बॅटरीवर चालणारं यंत्र आणि फ्रीजशिवाय टिकणारी चाचणीची रसायनं, त्यांची खरी मेहनत तिथं गेली. चिप त्यातला एक तुकडा.

साचेवाला_कुंडई
मला रक्तातलं काही कळत नाही, प्लास्टिक कळतं. वीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे साचे करतो तिथं आहे. कॉलेजची मुलं ड्रॉइंग आणतात ना, त्यात वाहिनीच्या भिंती सरळ ९० अंशात उभ्या असतात. ताई, तो तुकडा साच्यातून निघणार कसा? भिंतीला दोन-तीन अंशांचा उतार लागतो, नाहीतर काढताना कडा ओरबाडते. ती ओरबाड डोळ्याला दिसत नाही, पण तुमचं रक्त तिथं अडतं आणि बुडबुडा धरतं.

वाहिनी ५० मायक्रॉनची असेल तर २०० ची चालते का ते आधी बघा. तेवढ्याने साचा करणाऱ्याचं निम्मं रडणं कमी होतं. खोली रुंदीपेक्षा जास्त नको. तुकडा साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे ठसे कुठं चालतील ते तुम्हीच सांगा, नाहीतर आम्ही नेमके तुमच्या खळग्यावर मारू. पहिला साचा पोलादाचा नको, अ‍ॅल्युमिनियमचा इन्सर्ट (साच्यात बसवायचा बदलता तुकडा) करून काही हजार तुकडे काढा. डिझाइन बदलणार, हे मी आत्ताच लिहून देतो.

आणि नुसती वाहिन्यांची पाटी करून भागत नाही. झाकण कसं बसणार, हे कुणीच विचारत नाही. दाबून बसवलं तर वाहिनी चेपते, गोंद लावला तर आत उतरतो.

सत्तरीची_टेक्निशियन
मी वापरणारी. एनएस१ म्हणजे पावसातलंच काम, म्हणून जुलैतलं सांगते. बाहेर चाळीस पेशंट, भिंतींना ओल, वीज गेलेली. पाकीट फोडून चिप टेबलावर ठेवली की पाच मिनिटांत ती घाम धरते. म्हणून एकेक चिप वेगळ्या फॉइलमध्ये द्या, आत सिलिका जेलची पुडी. पाकिटाच्या कोपऱ्याला खाच ठेवा, हातमोजे घालून फॉइल फाटत नाही, कातर शोधत फिरावं लागतं.

थेंब मोजून घ्यायची मायक्रोपिपेट आमच्याकडे असेल असं धरू नका, आम्ही थेंब बोटावरूनच लावतो, कधी लहान कधी मोठा. आणि खूण उमटली नाही तर डेंग्यू नाही की चिप मेली, हे मी पेशंटला कसं सांगायचं? शेजारी कंट्रोलची, म्हणजे चिप चालली हे दाखवणारी खूण हवीच.

चिपवाली_फोंडा
पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज पेपरच्या आधी केला होता, नशीब. पूर्ण अर्जाला बारा महिन्यांची मुदत, त्यातले सात गेले. कंट्रोल आमच्या चिपवर नाही. लॅबमध्ये शेजारी दुसरी चिप ठेवून बघायचो, त्यामुळे डोक्यातच आलं नाही. उद्यापासून जुन्या चिप बाहेर व्हरांड्यात ठेवून रोज एकेक तपासते, किती दिवस टिकतात ते तरी कळेल. आणि २०० मायक्रॉनचं करून बघते.

साचेवाले दादा, ड्रॉइंग पाठवू का?

साचेवाला_कुंडई
पाठवा. पीडीएफ नको, स्टेप फाइल, म्हणजे थ्रीडी ड्रॉइंग. झाकणासकट.