आजेसासूबाई युद्धात रडारवर होत्या, पण कुठल्या स्टेशनवर ते कसं शोधायचं?

कोरी_पाटी:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा आडवाटेचा आहे. माझा नवरा इंग्लंडचा, त्याची आजी दुसऱ्या महायुद्धात वाफमध्ये होती, म्हणजे हवाई दलातली बायकांची शाखा. जिवंत होत्या तोवर कोणी विचारलं की म्हणायच्या, ऑफिसात काम करत होते, आणि विषय बदलायच्या. अगदी शेवटी शेवटी एकदा सासूबाईंना म्हणाल्या की मी रडारवर होते, झालं, तेवढंच. आता घर आवरताना बिस्किटाच्या डब्यात एक फोटो सापडलाय, गणवेशातल्या सहा मुली, मागे एक उंच टॉवर, पाठीमागे पेन्सिलीनं 'बी वॉच' एवढंच लिहिलंय, गावाचं नाव नाही काही नाही. आणि एक सर्व्हिसचं पुस्तक आहे त्यात 'क्लार्क एस. डी.' असं लिहिलंय. म्हणजे खरंच ऑफिसात होत्या की काय?? तीन रात्री नेटवर त्यांचं नाव टाकून बसले, हाताला काही लागलं नाही. स्टेशनवर कोण कोण होतं याच्या याद्या कुठे असतात का?

तारायंत्र:
आधी नाव शोधणं सोडा आणि तो टॉवर बघा. लाकडी आहे की लोखंडी? हे फार महत्त्वाचं आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर रडार स्टेशनांची जी मोठी साखळी होती, चेन होम, तिच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या स्टेशनांत लहरी सोडणारे टॉवर पोलादी, ३६० फूट, आणि परत आलेले प्रतिध्वनी पकडणारे टॉवर लाकडी, २४० फूट. पश्चिम किनाऱ्यावर लहरी सोडायला ताणाच्या तारा लावलेले सडपातळ पोलादी खांब, साधारण ३२५ फूट. म्हणजे फोटोत स्वतःच्या पायावर उभा असलेला, बाजूला फळ्यांसारखे मजले बाहेर आलेला पोलादी टॉवर दिसला तर पश्चिम किनारा बहुतेक बाद. अर्धा नकाशा एका फोटोत पुसला जातो.

आणि दुसरं, चेन होम लो नावाचा धाकटा प्रकार होता, खालून येणारी विमानं पकडायला, दीड मीटर तरंगलांबीचा. त्याला सहसा हे असले उंच टॉवर नसायचे, फिरणारा अँटेना असायचा. त्यामुळे उंच टॉवर असेल तर बहुतेक मोठंच स्टेशन.

काम काय करत असतील ते विचारायचं राहिलंय तुमचं पण सांगतो कारण मला राहवत नाही. चेन होमचा अँटेना फिरायचाच नाही, सगळ्या समोरच्या आकाशावर एकदम उजेड पाडल्यासारख्या लहरी सोडायचे. पडद्यावर आडवी हिरवी रेघ, आणि विमान आलं की रेघेवर खालच्या बाजूला एक दात. तो दात रेघेवर कुठे आहे त्यावरून अंतर. दिशेसाठी गोनिओमीटरची, म्हणजे कोन दाखवणाऱ्या यंत्राची, मूठ फिरवायची, फिरवत फिरवत दात लहान होत होत जिथे नाहीसा होतो तो कोन वाचायचा. शेजारी फोनवर दुसरी मुलगी आकडे सांगत बसलेली. विमान एक आहे की पन्नास हे तो दात कसा थरथरतोय त्यावरून ओळखायचं, हे शिकवून येत नाही, रात्री काढून येतं.

कागदकिडा:
वर छान सांगितलंय, मी कागदांचं सांगतो. लंडनच्या क्यू भागात नॅशनल अर्काइव्ह्ज आहे, तिथे हवाई दलाच्या रोजकीर्दी असतात, ओआरबी म्हणतात, फॉर्म ५४० वर. नवीन माणूस सरळ एअर २७ ही कागदांची मालिका मागवतो आणि तिथेच फसतो, कारण त्यात विमानांच्या स्क्वॉड्रन आहेत. रडार स्टेशनं ६० नंबरच्या ग्रुपखाली होती, हा ग्रुप १९४० मध्ये याच कामासाठी काढला. ग्रुपच्या कीर्दी एअर २५ मध्ये, विंगच्या एअर २६ मध्ये, आणि बारकी युनिटं एअर २९ मध्ये. यंत्रं बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचे कागद हवे असतील तर एव्हिया ७.

शोधताना रडार हा शब्द टाकला तर सुरुवातीच्या वर्षांचं फार कमी सापडेल. तेव्हा आरडीएफ म्हणत, रडार हा अमेरिकन शब्द ब्रिटिशांनी १९४३ मध्ये घेतला. आणि स्टेशनांना मुद्दाम फसवं नाव होतं, एअर मिनिस्ट्री एक्सपेरिमेंटल स्टेशन, एएमईएस. इथे अजून एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः आठवडाभर पडून होतो: 'टाइप' चा आकडा म्हणजे यंत्राचा प्रकार, टाइप १ म्हणजे चेन होम, टाइप २ म्हणजे लो, टाइप ७ म्हणजे जमिनीवरून लढाऊ विमानाला वाट दाखवणारं. युनिटचा नंबर वेगळाच. मी टाइप ७ ला सात नंबरचं स्टेशन समजून वहीभर टिपणं काढली आणि सगळी फाडली.

आता वाईट बातमी. या कीर्दींत अधिकाऱ्यांची नावं येतात, आला गेला रजेवर गेला वगैरे. साध्या हुद्द्यावरच्या मुली 'इतक्या वाफ हजर झाल्या' अशा आकड्यात येतात. नाव आलंच तर पदक मिळालं म्हणून किंवा अपघात झाला म्हणून. वॉचच्या, म्हणजे कामाच्या पाळीच्या, याद्या शोधू नका, डोकं फिरेल. एकेका माणसाची खरी वाट म्हणजे तिची वैयक्तिक सर्व्हिस फाइल, त्यात बदल्या तारखेसकट असतात. त्या फायली संरक्षण खात्याकडून नॅशनल अर्काइव्ह्जकडे टप्प्याटप्प्याने चालल्यात, त्यामुळे आधी तुमची कुठे आहे ते विचारा. अर्ज सासूबाईंच्या नावाने करा, मृत्यूचा दाखला जवळ ठेवा, त्याशिवाय पुढे सरकत नाही.

उगाच_शंका:
क्लार्क एस. डी. म्हणजे स्पेशल ड्यूटीज. हे नाव मुद्दाम पांचट ठेवलेलं, कोणी विचारलं तर कारकून. पण हा हुद्दा मुख्यतः फिल्टर रूम (स्टेशनांवरून आलेले आकडे जिथे ताडून बघत) आणि ऑपरेशन्स रूममधल्या प्लॉटर मुलींचा, म्हणजे टेबलावरच्या मोठ्या नकाशावर काठीनं सोंगट्या सरकवणाऱ्या. फायटर कमांडची मुख्य फिल्टर रूम बेंटली प्रायरीला, लंडनजवळ. तिथे टॉवर नव्हते. मग फोटोत टॉवर कसा? दोनातलं एक काहीतरी चुकतंय. शिवाय स्टेशनवर खासगी कॅमेऱ्याला बंदी असायची, तेव्हा फोटो युद्ध संपतानाचा असू शकतो.

कोरी_पाटी:
बाप रे एवढं सगळं! थांबा, आधी टॉवरचं. लाकडी आहे, तुळया तिरप्या तिरप्या जोडलेल्या स्पष्ट दिसतायत, मी इतके दिवस विजेचा खांब समजत होते 🙈 आणि पुस्तक परत नीट बघितलं तर क्लार्क एस. डी. वर एक बारीक रेघ आहे, खोडल्यासारखी, आणि पुढे वेगळ्या शाईत काहीतरी ऑप. लिहिलंय, पहिला शब्द पाण्यानं गेलाय.

उगाच_शंका:
ऑप. म्हणजे ऑपरेटर, मग शंका मागे. भिंग घ्या आणि मुलींच्या उजव्या बाहीकडे बघा. मूठ आणि तिच्यातून निघालेल्या विजा असा बिल्ला दिसतो का? त्याला स्पार्क्स म्हणत, वायरलेस आणि रडारच्या मंडळींचा. प्लॉटरला तो नसे.

तारायंत्र:
लाकडी म्हणजे रिसीव्हरचा टॉवर, आणि ऑपरेटर रिसीव्हर ब्लॉकमध्येच बसत. जुळतंय. पण लाकडी टॉवर दोन्ही किनाऱ्यांवर होते, तेव्हा मघाचा नकाशा पुसायचा माझा उत्साह परत घेतो. मागे अजून एखादा टॉवर किंवा डोंगर, समुद्र काही दिसतं का?

कागदकिडा:
आणि तोवर एक करा, इम्पीरियल वॉर म्युझियमकडे ध्वनिमुद्रित मुलाखतींचा मोठा संग्रह आहे, त्यात वाफ रडार ऑपरेटर आहेत, पुष्कळशा ऑनलाइन ऐकता येतात. तुमच्या आजेसासूबाई तिथे नसतील पण त्याच वॉचवरची कोणी असू शकते. पदकांचं म्हटलं ना वर, ससेक्समधल्या पोलिंग गावच्या रडार स्टेशनवर १८ ऑगस्ट १९४० ला बॉम्ब पडत असताना फोन न सोडता आकडे सांगत राहिलेली कॉर्पोरल एव्हिस हर्न, तिला मिलिटरी मेडल मिळालं. तिचं नाव म्हणून उरलं. त्या दिवशी तिच्या वॉचवर अजून कोण होत्या ते शोधायला जा, मग कळेल मी काय म्हणतोय. सफोकमधल्या बॉडसीला १९३७ मध्ये पहिलं स्टेशन सुरू झालं, तिथल्या ट्रान्समिटर ब्लॉकमध्ये आता म्युझियम आहे, फोटोची प्रत त्यांनाही पाठवून बघा, असे फोटो ओळखणारी मंडळी तिथेच सापडतात.

कोरी_पाटी:
भिंग नव्हतं, मोबाइलनं मोठं करून बघितलं. डावीकडून दुसऱ्या आजेसासूबाई. दंडावर मूठ आहे!! विजा तीन की चार कळत नाही पण आहेत. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, त्या काही बोलल्याच नाहीत बराच वेळ, मग म्हणाल्या की आई अंधारात बसून विणायची, दिवा लावू का विचारलं तर म्हणायची मला सवय आहे. सर्व्हिस फाइलचा अर्ज उद्या भरतोय. मागे समुद्र नाही दिसत, पण कुंपणाच्या पलीकडे मेंढ्या आहेत, त्याचा काही उपयोग?

तारायंत्र:
मेंढ्या सगळीकडे आहेत हो 😄 पण त्यांच्यामागचं दगडी कुंपण आहे की झुडपांचं, तेवढं सांगा.