यूएसबी बाय डिफॉल्ट बंद ठेवायचंय, पण बूटला डिस्कचा पासवर्ड टाकायला कीबोर्ड चालू हवा, कसं करायचं?

निळाखडक

मंडळी, एक शंका आहे, जरा सविस्तरच लिहितो. लिनक्स डेस्कटॉप आहे, डिस्क पूर्ण लक्सने (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) एन्क्रिप्ट केलेली, कीबोर्ड माऊस दोन्ही यूएसबी, आणि कीबोर्ड मॉनिटरच्या मागच्या पोर्टला लावलेला. मशीन असतं त्या खोलीत बाकीच्यांची ये-जा असते, त्यामुळे मी जागेवर नसताना कुणी पोर्टला काहीही लावलं तरी कर्नेलने (सिस्टिमचा गाभा) ते चालू करू नये असं हवंय. कर्नेलच्या कमांडलाइनमध्ये (बूट होताना त्याला दिलेल्या सेटिंगची ओळ) यूएसबीकोअर.ऑथोराइज्ड_डिफॉल्ट=० दिलं की हे होतं असं वाचलं. पण मग बूट होताना डिस्कचा पासवर्ड विचारेल तेव्हा कीबोर्डपण बंदच असेल ना? आणि त्याची २ ही जी व्हॅल्यू आहे, "फक्त इंटर्नल" वाली, ती डेस्कटॉपवर काय ओळखणार? अजून काहीच बदललेलं नाही, आधी विचारून मगच हात लावणार आहे.

तारतंत्र

शंका अगदी रास्त आहे. शून्य दिलं की रूट हब (कंट्रोलरचा स्वतःचा हब) सोडून सगळं बंद, त्यात कीबोर्डही आलाच. ग्रबच्या (कर्नेल सुरू करून देणारा बूटलोडर) मेनूत तो चालेल कारण तिथे फर्मवेअरचा ड्रायव्हर असतो, पण कर्नेलने कंट्रोलर हातात घेतला की पासवर्डच्या स्क्रीनवर तोच कीबोर्ड ढिम्म हलणार नाही. तसं झालंच तर घाबरू नका, ग्रबमध्ये ई दाबून त्या ओळीतलं ते पॅरामीटर खोडायचं आणि बूट करायचं, तेवढ्या एका बूटपुरतं ते जातं. मात्र ग्रब एडिटिंगला पासवर्ड नसेल तर हाच रस्ता दुसऱ्यालाही मोकळा आहे हे लक्षात असू द्या.

आता बंद म्हणजे नक्की काय ते बघा, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. डिव्हाइस लावलं की कर्नेल त्याला पत्ता देतो, डिस्क्रिप्टर (डिव्हाइसने स्वतःबद्दल दिलेली माहिती) वाचतो, ते एलएसयूएसबीमध्ये (यूएसबी डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड) दिसतं सुद्धा. फक्त त्याचं कॉन्फिगरेशन सेट करत नाही, म्हणून इंटरफेस (डिव्हाइसची एकेक कामं, कीबोर्ड, स्टोरेज वगैरे) तयार होत नाहीत आणि इंटरफेसच नाही म्हटल्यावर ड्रायव्हर चिकटणार कशाला? डीमेसगमध्ये (कर्नेलचा लॉग) "डिव्हाइस इज नॉट ऑथोराइज्ड फॉर यूसेज" अशी ओळ येते. पोर्टचा करंट चालूच राहतो, त्यामुळे वीज सोडून पोर्ट जाळणारी जी उपकरणं असतात त्यांच्यापुढे याचा काही उपयोग नाही, आणि डिस्क्रिप्टर वाचणाऱ्या कोडमध्येच बग असेल तर त्याच्यापुढेही नाही.

२ चं म्हणाल तर कर्नेल पोर्टचा कनेक्ट टाइप बघतो, तो "हार्डवायर्ड" असेल तरच आपोआप परवानगी. ही माहिती फर्मवेअर एसीपीआयमधून (हार्डवेअरची माहिती सांगणारे त्याचे तक्ते) देतं. लॅपटॉपमध्ये आतला कॅमेरा, ब्लूटूथ असल्या गोष्टींसाठी छान आहे, पण डेस्कटॉपचे मागचे पोर्ट "हॉटप्लग" म्हणूनच येणार, म्हणजे तुमच्या कीबोर्डच्या दृष्टीने २ आणि ० सारखंच. सिसएफएसमध्ये (/सिस खाली कर्नेल दाखवतो त्या फाइली) प्रत्येक पोर्टच्या फोल्डरला कनेक्ट_टाइप नावाची फाइल असते, एकदा वाचून बघा, काही बोर्डांवर नुसतं "अननोन" पण येतं.

रीबूट न करता चाखून बघायचं असेल तर /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस/यूएसबी१/ऑथोराइज्ड_डिफॉल्ट यात रूट म्हणून ० लिहा. हे त्या एका बसपुरतं असतं आणि आधीच लावलेल्या डिव्हाइसला धक्का लागत नाही, फक्त नंतर येणारे अडतात. एखादा पेनड्राइव्ह लावा, अडलेला दिसेल, मग त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या ऑथोराइज्ड फाइलीत १ लिहिलं की लगेच माउंट करण्याजोगा होतो.

सावलीतली_खिडकी

कमांडलाइनवर ० ठेवूनही कीबोर्ड चालवता येतो, मी तसंच वापरते. इनिटरॅमएफएसमध्ये (डिस्क उघडण्याआधी लोड होणारी छोटी सिस्टिम) युडेव्हचा (डिव्हाइस आलं की नियम चालवणारी सर्व्हिस) एक नियम घालायचा: यूएसबी डिव्हाइस ॲड झालं, त्याचा व्हेंडर आयडी अमुक, प्रॉडक्ट आयडी तमुक, तर ऑथोराइज्ड ला १ लिही. बंद डिव्हाइसचाही ॲड इव्हेंट येतोच त्यामुळे नियम लागू पडतो.

पण तुमचा कीबोर्ड मॉनिटरला आहे म्हणालात, तिथे मॉनिटरच्या आत हब आहे. तो हब पण एक यूएसबी डिव्हाइसच, तो बंद असेल तर त्याच्यामागचा कीबोर्ड कर्नेलला दिसतच नाही, एलएसयूएसबीमध्ये सुद्धा नाही. म्हणजे एक नियम हबला, एक कीबोर्डला. आणि मॉनिटरच्या हबचे बहुतेक वेळा दोन आयडी असतात, यूएसबी २ चा वेगळा आणि ३ चा वेगळा, कीबोर्ड कुठल्या बाजूला लागलाय ते एलएसयूएसबीच्या ट्री व्ह्यूमध्ये बघा (-टी दिलं की दिसतो). त्यापेक्षा कीबोर्ड सरळ मशीनच्या मागे लावा असं मी म्हणेन, हबला कायमची परवानगी देण्याचं कारणच उरत नाही.

नियमाची फाइल आत गेली की नाही हे रीबूटच्या आधी तपासाच. इनिटरॅमएफएसची इमेज बनवायला ड्रॅकट असेल तर ती इन्स्टॉल_आयटम्स मध्ये लिहायची, एमकेइनिटसीपीआयओ असेल तर फाइल्स च्या यादीत, डेबियनवाल्या इनिटरॅमएफएस-टूल्सला छोटी हुक स्क्रिप्ट लागते. मग इमेज परत बनवा, आतली यादी काढून नाव शोधा आणि सापडलं तरच पुढे जा. जुनी बूट एंट्री पॅरामीटरशिवाय तशीच ठेवा, सगळं नीट चालतंय म्हटल्यावर काढून टाका.

पहाऱ्यावरचा

माझं मत थोडं वेगळं आहे. कमांडलाइनला हातच नका लावू, यूएसबीगार्ड (नियमांप्रमाणे यूएसबी डिव्हाइसला परवानगी देणारा किंवा अडवणारा प्रोग्राम) टाका. तो सर्व्हिस म्हणून सुरू झाला की ऑथोराइज्डडिफॉल्ट=नन या सेटिंगने कंट्रोलरचा डिफॉल्ट स्वतःच शून्य करतो, म्हणजे पासवर्डच्या वेळी कीबोर्ड नेहमीसारखा चालतो आणि सिस्टिम वर आल्यावर दार लागतं. आधी लागणारी सगळी डिव्हाइस लावून ठेवा, मग जनरेट-पॉलिसी चालवून निघालेले नियम रूल्स.कॉन्फ मध्ये ठेवा, एकदा डोळ्याखालून घाला, आणि त्यानंतरच सर्व्हिस चालू करा. हा क्रम उलटा झाला तर कीबोर्ड ब्लॉक होऊन बसतो.

नुसत्या व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीवर विसंबणं मला पटत नाही, ते कुठलंही डिव्हाइस खोटे सांगू शकतं. २०१४ च्या ब्लॅक हॅटमध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी बॅडयूएसबी दाखवलं ते हेच की पेनड्राइव्हचं फर्मवेअर बदललं की तो स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेतो. यूएसबीगार्डच्या नियमात डिस्क्रिप्टरचा हॅश (त्यावरून काढलेला ठसा), पोर्ट आणि इंटरफेसचा प्रकार सगळं एकत्र तपासता येतं. पेनड्राइव्हला फक्त ०८:*:* (स्टोरेज) या इंटरफेसवर परवानगी दिली की त्याच्यात लपलेला ०३ वाला कीबोर्ड आला तर अख्खं डिव्हाइस अडतं. हॅश पण बनवता येतोच मुद्दाम बसून, पण त्याला तुमच्याच कीबोर्डचे डिस्क्रिप्टर आधी मिळवावे लागतील.

तारतंत्र

पटलं, पण कर्नेल सुरू झाल्यापासून सर्व्हिस वर येईपर्यंतची फट राहते ना. कुणी मशीन बंद असताना काहीतरी लावून गेलं तर त्याला ड्रायव्हर मिळून गेलेला असतो, नेटवर्क कार्ड म्हणून आलं तर अजूनच वाईट. यूएसबीगार्ड नंतर प्रेझेंटडिव्हाइसपॉलिसी=अप्लाय-पॉलिसी असेल तर त्याला बंद करतो हे खरं, पण मधला वेळ गेलेला असतो. निळाखडक यांच्या खोलीत लोक येतात-जातात, म्हणून त्यांना मी दोन्ही सांगेन: कमांडलाइनवर ०, इनिटरॅमएफएसमध्ये फक्त कीबोर्डचा नियम, पुढचं सगळं यूएसबीगार्डकडे.

निळाखडक

सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कुठे मिळालं नव्हतं. कीबोर्ड मशीनच्या मागे हलवतो आणि आधी नुसतं यूएसबीगार्ड लावून नियम बसवतो, ते स्थिर झालं की मग ० आणि युडेव्हचा नियम. एक शेवटचं, कमांडलाइनऐवजी मॉडप्रोबच्या (कर्नेलची मॉड्यूल लोड करणारी कमांड) कॉन्फिगमध्ये हे ऑप्शन लिहिलं तर चालेल का?

सावलीतली_खिडकी

यूएसबीकोअर कर्नेलमध्येच बिल्ट-इन असेल तर नाही चालणार, मॉडप्रोबचा त्याच्याशी संबंधच येत नाही. मॉड्यूल असेल तर चालेल, पण ती कॉन्फिग फाइल पण इनिटरॅमएफएसमध्ये जायला हवी कारण मॉड्यूल तिथेच लोड होतं. कमांडलाइन दोन्हीकडे चालते म्हणून तीच धरा. आणि कर्नेल स्वतः कंपाइल करत असाल तर अलीकडच्या ६ सिरीजच्या कर्नेलमध्ये हा डिफॉल्ट कॉन्फिगमध्येच ठरवायची सोय आली आहे, ०, १, २ त्याच व्हॅल्यू, कमांडलाइनवर दिलेलं त्याच्या वरचढ ठरतं. बूट झाल्यावर /सिस/मॉड्यूल/यूएसबीकोअर/पॅरामीटर्स/ऑथोराइज्ड_डिफॉल्ट वाचून कमांडलाइनवरचं लागू झालंय ना ते बघा.