शेजारच्या फणसाने छप्पर मोडलं, मालक वारलेले. नोटीस कोणाला द्यायची? (फोंडा)

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंडा तालुक्यात आमचं जुनं मंगलोरी कौलांचं घर आहे. आई तिथे एकटी राहते, मी नोकरीमुळे पुण्यात. मागच्या कंपाउंडला लागून शेजाऱ्यांच्या भाटात (बागायतीत) मोठा फणस आहे. गेल्या जूनमध्ये रात्री त्याची फांदी स्वयंपाकघरावर कोसळली. साठेक कौलं फुटली, दोन वासे मोडले, भिंत रात्रभर भिजत राहिली. आई पुढच्या खोलीत निजली होती म्हणून वाचली. सकाळी अग्निशामक दलाने फांदी कापून बाजूला केली. आता उरलेलं झाड आमच्याच बाजूला झुकलंय, मुळांनी कंपाउंडच्या चिऱ्यांत दोन बोटं जाईल एवढी भेग पाडलीय. पाऊस महिन्यावर आला आणि मला झोप नाही.

मूळ मालक आजोबा वारले. मुलगे मुंबईला, मुलगी पोर्तुगालला. इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) झालेली नाही, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) अजून आजोबांचंच नाव. थोरल्याला फोन केला तर म्हणाले, "मी एकट्याने कसं सांगू? भावंडांना विचारतो." त्याला चार महिने झाले. पंचायतीत गेलो तर 'खासगी जागेतला वाद' म्हणून परत पाठवलं.

आईला भांडण नको आहे. दर मे महिन्यात त्या झाडाचा पहिला फणस आमच्याकडे यायचा, आई त्याची साटं घालून त्यांच्याकडे पाठवायची. बाबा गेले तेव्हा बारा दिवस जेवण त्यांच्याच घरून आलं. मलाही झाड मुळापासून जायला नको. पण आईच्या डोक्यावर ते असं ठेवून मी पुण्यात बसू शकत नाही.

नोटीस कोणाच्या नावाने काढू? आमच्या हद्दीत आलेल्या फांद्या आम्हीच छाटल्या तर चालेल का? आणि छपराचा खर्च मागता येतो का?

प्रतिसाद १

आमच्याकडे माडावरून हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

फांद्यांना स्वतः हात लावू नका. गोव्यात १९८४चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि त्यात 'झाड तोडणे' याची व्याख्या फांद्या छाटण्यापर्यंत जाते. आधी वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याला विचारा.

झाड पडून माणसाला इजा होण्यासारखी स्थिती असेल तर खरा रस्ता उपजिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. अर्ज गेला की ते पाहणीचा अहवाल मागवू शकतात आणि मालकाला सशर्त आदेश काढू शकतात. मालकाला म्हणणं मांडायची संधी मिळते. तुमच्या आईंसाठी महत्त्वाचं हे की कलमात झाड काढून टाकण्याबरोबर त्याला आधार देण्याचाही पर्याय आहे. तेव्हा अर्जात नुसतं 'झाड तोडा' लिहू नका, झुकलेला भाग काढून आधार द्यावा असंही लिहा.

नोटीस सगळ्या वारसांना पाठवा, पोर्तुगालच्या मुलीलाही, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. कंटाळा करू नका. वादळात झाड पडलं की मालक दैवावर बोट ठेवतो. झाड धोक्याचं आहे हे त्याला आधीच माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं असं दाखवता आलं तरच भरपाईचा दावा उभा राहतो, आणि फोनवरचं बोलणं कोर्टात सिद्ध करणं फार जड जातं.

छपराचे पैसे उपजिल्हाधिकारी देववणार नाहीत, त्यासाठी दिवाणी दावा. मुदत साधारण तीन वर्षांची, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. अग्निशामक दलाच्या अहवालाची प्रत घ्या, कौलांची आणि सुताराची बिलं सांभाळा. दावा आईंच्या नावाने केलात तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

प्रतिसाद २

सगळ्याच्या आधी सर्व्हे प्लॅन काढा. आमच्या वाड्यावर दोन घरं सहा वर्षं एका आंब्यावरून भांडली आणि मोजणीत बुंधा भलत्याच्याच जागेत निघाला. कंपाउंड हद्दीवरच आहे असं धरून चालू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आधार देण्याचा पर्याय आईला वाचून दाखवला, तेव्हा ती पहिल्यांदा अर्जावर सही करायला तयार झाली. सोमवारी रजा घेऊन फोंड्याला जातोय: आधी प्लॅन, मग अर्ज. थोरल्यांना नोटिशीआधी फोन करून सांगणार आहे, कागद अचानक दारात गेलेला आईला चालणार नाही.

एकच राहिलं. पोर्तुगालच्या ताईंचा पत्ता आमच्याकडे नाही आणि भाऊ द्यायला तयार नाहीत. अशा वेळी नोटीस भाटातल्या घराच्या पत्त्यावर पाठवली तर ती धरतात का? कोणी हे केलं असेल तर कृपया लिहा.