इंग्रजीत दोन क्रियापदं शेजारी आली की ‘टू’ लावायचं की नाही? सल्ला हवा

निफाडचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. निफाडजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे. हंगामात हॉलंडच्या खरेदीदारांशी रोज ईमेल आणि आठवड्यातून एकदा कॉल. शिक्षण मराठी माध्यमात. काळ वगैरे जमतात, पण दोन क्रियापदं शेजारी आली की गाडं अडतं. परवा ‘प्लीज लेट अस टू नो’ लिहिलं, साहेबांनी ‘टू’ खोडलं. त्याच्याच खालच्या ओळीतलं ‘वी वुड लाइक टू इन्फॉर्म’ मात्र तसंच ठेवलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "कानाला बरं वाटतं." त्यांचा कान तयार आहे हो, माझा कुठून आणू? क्रियापदांची यादी तीनदा पाठ केली, द्राक्षं आली की सगळं विसरतो. मराठीतून डोक्यात बसेल अशी काही युक्ती आहे का? क्लास लावणं शक्य नाही.

जुना_मास्तर
यादी फेका. तुमच्या मराठीतच ‘टू’ दडलेलं आहे. ‘पुण्याला’मधला ‘ला’ म्हणजे टू, हे मान्य? मग ‘जायला’मधला ‘ला’ तोच आहे. टू पुणे, टू गो. योगायोग म्हणून सोडून देऊ नका. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हे ‘टू’ दिशा दाखवणारंच होतं आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं नामासारखं चालवलेलं रूप यायचं. आपलं ‘जायला’ तसंच घडलंय.

आता हे बघा. मला जायला सांगितलं: टोल्ड मी टू गो. जायला तयार झाला: अग्रीड टू गो. जायला परवडत नाही: कान्ट अफोर्ड टू गो. पण मी जाऊ शकतो: कॅन गो. मला जाऊ दे: लेट मी गो. जाऊ नको: डोन्ट गो. ‘ला’ गेला की ‘टू’ गेलं. तुमचं ‘लेट अस नो’ म्हणजे ‘आम्हाला कळू द्या’. ‘कळायला द्या’ म्हणता का कधी?

चहाटळ
मास्तर, झकास, पण जरा दमानं. ‘बोलू लागला’मध्ये ‘ला’ नाही, तरी इंग्रजीत बिगॅन टू स्पीक. ‘आम्ही कळवू इच्छितो’ तसंच, विश टू इन्फॉर्म. आणि उलटा घोटाळा ‘लावणे’चा. त्यांनी आम्हाला थांबायला लावलं. ‘ला’ ढळढळीत समोर, पण इंग्रजीत ‘दे मेड अस वेट’, टू नाही. आमच्या ऑफिसात निम्मे लोक ‘मेड अस टू वेट’ म्हणतात, ते तुमच्याच युक्तीने शिकले असावेत :)

जुना_मास्तर
कान पकडतो. म्हणून दुरुस्ती: टू गाळायला रोजच्या कामात ‘शक’, ‘दे’ आणि ‘नको’ एवढेच खात्रीचे. मस्ट आणि शुड आपल्याकडे ‘जायलाच हवं’ असे ‘ला’ घेऊन येतात, पण ते कॅनचे भाऊबंद, टू घेत नाहीत. ‘मेक’ वेगळं पाठ करा. गंमत म्हणजे तेच वाक्य कर्मणी केलं की टू परत येतं: वी वर मेड टू वेट. ‘हेल्प’ला टू लावा न लावा, दोन्ही चालतं.

डब्लिनकर
इथे दुकानात, बसमध्ये तुम्हाला हा ‘टू’ ऐकूच येणार नाही. ‘ट’ असा चिमूटभर उच्चार, आणि ‘वाँट टू’चं तर ‘वॉना’ होतं. त्यामुळे नुसतं ऐकून शिका हा सल्ला अर्धाच खरा. ‘ट्राय टू कम’च्या जागी ‘ट्राय अँड कम’ सर्रास म्हणतात. बोलताना म्हणा, ईमेलमध्ये नको.

दादा, तुमच्या धंद्यात खरी जोखीम ‘टू’ची नाही, ‘टू’ आणि ‘इंग’ यांच्या अदलाबदलीची आहे. कंटेनरचंच घ्या. ‘आय रिमेम्बर्ड टू सील इट’ म्हणजे सील लावायचं लक्षात राहिलं, लावलं. ‘आय रिमेम्बर सीलिंग इट’ म्हणजे लावल्याचं आठवतंय. मराठी किती स्वच्छ सांगते बघा: ‘लावायचं’ पुढे बघतं, ‘लावल्याचं’ मागे. ड्रायव्हर चहा प्यायला थांबला, स्टॉप्ड टू ड्रिंक. चहा पिणं थांबवलं, स्टॉप्ड ड्रिंकिंग. आणि माझं सगळ्यात लाडकं: ‘फोन करायचा प्रयत्न कर’ म्हणजे ट्राय टू कॉल, ‘फोन करून बघ’ म्हणजे ट्राय कॉलिंग. मला हे इथे येऊन चार वर्षांनी उमगलं, तेही पोराला मराठी शिकवताना.

रानवेल
मास्तरकाका, ‘ला’ची युक्ती माझ्या आठवीतल्या लेकीला लगेच पटली. मी दोन गोष्टी सुचवेन. एक, सुटं क्रियापद कधीच लिहून ठेवायचं नाही. वहीत ‘रिफ्यूज’ नको, ‘दे रिफ्यूज्ड टू पे’ लिहायचं, तेही स्वतःच्या कामातलं वाक्य. दुसरी, इंग्रजी-मराठी कोश बाजूला ठेवून शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या, ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे टू येतं, इंग येतं की मधे माणूस येतो, हे दाखवलेलं असतं. हॉर्नबी नावाचे गृहस्थ जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी परक्या विद्यार्थ्यांसाठी तो रचला आणि 1942 साली तो आधी जपानमध्येच छापला गेला. म्हणजे आपल्यासारख्यांच्या अडचणी बघूनच केलेला आहे. जुनी आवृत्ती रद्दीत मिळाली तरी घ्या, ही क्रियापदं काही बदललेली नाहीत.

हो, आणि ‘सजेस्ट’पासून सांभाळा. ‘आय सजेस्ट यू टू सेंड’ आपल्याकडे घरोघरी, पण चूक. ‘आय सजेस्ट सेंडिंग’ किंवा ‘आय सजेस्ट दॅट यू सेंड’. ‘रिक्वेस्ट यू टू सेंड’ मात्र बरोबर. का म्हणून विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही.

चहाटळ
+1. ‘वाँट’चंही लिहून ठेवा. ‘तुम्ही यावं अशी इच्छा आहे’ यातला ‘अशी’ डोक्यात राहतो आणि ‘आय वाँट दॅट यू कम’ बाहेर पडतं. वाँट यू टू कम. माणूस मधे, टू मागे.

निफाडचा_पाहुणा
सगळ्यांचे आभार. ‘फोन करून बघ’ने डोकंच उघडलं. आज पाठवायची ईमेल अशी लिहिलीय, बघता का?

‘वी मॅनेज्ड टू लोड द कंटेनर यस्टरडे. आय रिमेम्बर चेकिंग द सील. प्लीज लेट अस नो इफ यू वाँट अस टू सेंड फोटोज. वी लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’

डब्लिनकर
शेवटचं सोडून सगळं पक्कं. ‘लुक फॉरवर्ड टू’मधलं टू क्रियापदाचं नाही, ते ‘पुण्याला’वालं आहे. तिथे नाम ठेवून बघा: ‘लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’. बसतंय ना? मग क्रियापदालाही नाम करून बसवायचं, ‘टू हिअरिंग’.

जुना_मास्तर
आणि ‘आय रिमेम्बर चेकिंग’ व्याकरणाने बरोबर असलं तरी खरेदीदाराला लिहू नका. "तपासल्याचं आठवतंय" म्हटलं तर तो घाबरेल. ‘वी चेक्ड द सील’ लिहा.

निफाडचा_पाहुणा
😀 बदललं. पाठवली.