एसईओचं (गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं) काम बाहेर द्यावं की घरीच करावं? (पंप-मोटर दुरुस्तीचा छोटा धंदा)

मोटारपंप

नमस्कार मंडळी. पंप आणि मोटर दुरुस्ती, रिवाइंडिंग, सुटे भाग असा आमचा धंदा आहे. माणसं मोजकीच. साइट वर्डप्रेसवर आहे, पानं चाळीसेक. साइट बनवणाऱ्याने सर्च कन्सोल (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) जोडून दिलंय, पण ते उघडून कोणी बघत नाही.

आता एका एजन्सीचा प्रस्ताव आलाय: ३० कीवर्ड (लोक शोधतात ते शब्द), महिन्याला ५० बॅकलिंक (दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) आणि ८ लेख, बारा महिन्यांचा करार, आणि 'सहा महिन्यांत पहिला क्रमांक, लेखी हमी'. ऑफिस सांभाळणाऱ्या ताई हुशार आहेत, आठवड्याला चार-पाच तास काढू शकतील. काम एजन्सीला द्यावं, ताईंना शिकवावं, की निम्मं-निम्मं करावं? प्रस्तावाबद्दलही स्पष्ट बोला.

क्रॉलवाला

हमी दिसली की प्रस्ताव बाजूला ठेवायचा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. तरी अशी हमी 'पाळली' कशी जाते? कीवर्ड एजन्सीच निवडते. कोणी शोधतच नाही अशी सहा-सात शब्दांची ओळ घ्यायची, तिच्यावर पहिलं यायचं आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. क्रमांक खरा असतो, फोन मात्र वाजत नाही.

५० बॅकलिंकचं कलम त्याहून वाईट. दर महिन्याला ठरलेल्या संख्येने लिंक मिळतात म्हणजे त्या विकत घेतलेल्या किंवा स्वतःच्याच बनावट साइट्सवर टाकलेल्या असतात. गूगलच्या स्पॅम धोरणात हे बसत नाही, आणि २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून (गूगलच्या क्रमवारीतला बदल) असल्या लिंकवर नजर आहे. बहुतेक वेळा त्या नुसत्या दुर्लक्षिल्या जातात, म्हणजे पैसे पाण्यात. नशीब खोटं असेल तर मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, येते. मग एकेका साइटला मेल करून लिंक काढायला लावा, उरलेल्यांची डिसअव्हाऊ फाइल (या लिंक धरू नका असं सांगणारी यादी) गूगलला द्या, पुनर्विचाराचा अर्ज करा. हे निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त खर्च येतो.

आता मूळ प्रश्न. एसईओ हे एकच काम समजू नका. तांत्रिक तपासणी बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, पण एकदाच आणि ठरलेल्या रकमेत. चाळीस पानांच्या साइटला दर महिन्याला तांत्रिक एसईओ लागत नाही. त्याने काय बघायचं ते सांगतो.

पहिलं, पानं इंडेक्स होतात का, म्हणजे गूगलच्या यादीत जातात का. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग या भागात सर्च इंजिनांना साइटपासून दूर ठेवणारा एक चौकोन असतो. साइट बनताना त्यात खूण करतात आणि काढायची राहून जाते. नोइंडेक्स (पान निकालात दाखवू नका ही पानावरची सूचना) आणि रोबोट्स फाइल (कोणती पानं वाचू नयेत हे सांगणारी फाइल) यांचा घोळही नेहमीचा. रोबोट्स फाइलने पान अडवलं तर गूगल ते वाचतच नाही, त्यामुळे त्यावरचा नोइंडेक्सही त्याला दिसत नाही. परिणामी लपवायचं पान निकालात राहू शकतं.

दुसरं, जुने पत्ते. साइट नव्याने केली असेल आणि जुन्या पानांवरून नव्या पानांकडे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणं) लावले नसतील, तर जुन्या पानांनी शोधात कमावलेलं स्थान गेलं. सगळे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणं हा त्यावरचा उपाय नाही. प्रत्येक जुन्या पानाला त्याच्याच विषयाचं नवं पान हवं.

तिसरं, वेग. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, पान उघडताना मजकूर हलण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. छोट्या साइटला बहुधा मोबाइलवरून काढलेले अवजड फोटो आणि गरजेपेक्षा जास्त प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) नडतात. यात फार रमू नका, पहिल्या दोन गोष्टी आधी.

हातात काय पडायला हवं ते आधीच ठरवा: पानाचा पत्ता, चूक, दुरुस्ती, ती कोण करणार. साधनातून आपोआप निघालेलं साठ पानी पीडीएफ म्हणजे अहवाल नव्हे.

शब्दखूण

वरच्याशी सहमत, पण लेखांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. महिन्याला ८ लेख कशावर लिहिणार? 'पंपांचे प्रकार', 'योग्य मोटर कशी निवडावी'. इंटरनेटवर असे लेख पोत्याने पडलेत. मार्च २०२४ पासून तर क्रमांकासाठी घाऊक मजकूर पाडणं गूगलच्या स्पॅम धोरणात स्वतंत्रपणे नमूद आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने.

लिहिणारा बाहेरचा चालेल, माहिती बाहेरून येत नाही. एक उदाहरण घ्या: 'मोटर चालते पण पाणी येत नाही'. तुमचा मिस्त्री हे एका दमात सांगेल. फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाची झडप) गळतोय, त्यामुळे प्रायमिंग, म्हणजे पंपात भरून ठेवलेलं पाणी, उतरतं. सक्शन पाइपच्या जोडातून हवा ओढली जाते. इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलाय किंवा कचऱ्याने भरलाय. थ्री फेज मोटर रिवाइंडिंग करून नुकतीच बसवली असेल आणि पाणी कमी येत असेल तर आधी फिरण्याची दिशा बघा, उलटी असेल तर कोणतेही दोन फेज अदलाबदल करायचे. यातलं ग्राहकाने घरी काय तपासावं आणि कशासाठी वायरमनच बोलवावा, हेही तोच सांगेल. एजन्सीच्या लेखकाला हे कुठून सुचणार?

म्हणून ताईंनी मिस्त्रींना अर्धा तास बसवावं, फोनवर रेकॉर्ड करावं, आणि त्यातून एक पान करावं. महिन्याला अशी दोन पानं झाली तरी पुष्कळ. शीर्षक ग्राहक फोनवर ज्या शब्दांत तक्रार सांगतो त्याच शब्दांत हवं. झिजलेल्या इम्पेलरचा फोटो तुमच्याच टेबलावरचा टाका, विकतचा नको.

दुसरं, गूगल बिझनेस प्रोफाइल (नकाशा आणि शोधात दिसणारी दुकानाची नोंद) ताईंच्याच हातात असू द्या. मुख्य श्रेणी नेमकी निवडा, तिचा फरक पडतो. वेळा आणि सुट्ट्या अद्ययावत ठेवा. नावात 'स्वस्त दुरुस्ती सर्वोत्तम सेवा' असं काही घुसवू नका, प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. आणि सवलत देऊन रिव्ह्यू मागणं नियमात बसत नाही.

हिशेबी

दोघांनीही खर्चाचा मुद्दा सोडला. आधी बघा, लोक शोधतात तरी का? सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स हा अहवाल उघडा. मागचे १६ महिने मिळतात. स्वतःच्या दुकानाचं नाव असलेले शोध फिल्टरने वगळा. हे महत्त्वाचं, कारण एजन्सीच्या अहवालात वाढ दिसते ती पुष्कळदा दुकानाच्या नावाच्या शोधांची असते, आणि तुम्हाला नावाने शोधणारा गिऱ्हाईक तसाही आला असता. उरलेल्यांत सरासरी क्रमांक ५ ते २० आणि इम्प्रेशन (निकालात किती वेळा दिसलात) भरपूर, असे शोध काढा. सुधारणा तिथून सुरू करायची. अशी यादी निघालीच नाही तर एकतर पानंच नाहीत, नाहीतर मागणीच नाही. मागणी नसेल तर एजन्सी काय करणार?

मग गणित. समजा महिन्याला २०० क्लिक वाढले. शंभरामागे ३ चौकशा धरल्या तर ६, तिघांतला एक काम देतो म्हटलं तर २ कामं. दोन कामांच्या निव्वळ नफ्यात एजन्सीची महिन्याची फी बसते का? आकडे मानलेले आहेत, तुमचे घाला. चौकशांचा आकडा नसेल तर आजपासून फोनच्या वहीत 'कुठून कळलं' हा रकाना आखा. अ‍ॅनालिटिक्स (साइटवरचे लोक मोजणारं गूगलचं साधन) फॉर्म आणि नंबरवरचं टॅप मोजेल, पण नंबर बघून दुसऱ्या फोनवरून लावणारा त्यात येत नाही.

परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही गूगलच सांगतं. त्यामुळे महिनाभरात निकाल मागू नका. पण काम काय झालं याचा हिशेब दर महिन्याला मागा, आणि बारा महिन्यांची बांधिलकी न घेता ३० दिवसांच्या नोटिशीवर करार करा.

माझं मत: तपासणी बाहेरून, मजकूर आणि प्रोफाइल घरी, आणि तीन महिन्यांतून एकदा बाहेरच्याकडून तासाभराचा सल्ला. पूर्ण काम एजन्सीला द्यायचं ते सेवा अनेक गावांत असेल किंवा साइटवर हजारो सुटे भाग असतील तेव्हा. तिथे फिल्टरची पानं, एकाच वस्तूचे चार पत्ते, संपलेल्या मालाची पानं यांचा पसारा ताईंच्या पाच तासांत आवरणार नाही.

मोटारपंप

खूप आभार. एक अडचण: डोमेन (साइटचं नोंदवलेलं नाव) आणि सर्च कन्सोल दोन्ही साइट बनवणाऱ्याच्या खात्यात आहेत. तो माणूस चांगला आहे, पण आता दुसरीकडे नोकरीला लागलाय.

क्रॉलवाला

मग बाकी सगळं थांबवा, हे आधी. डोमेन तुमच्या खात्यात घ्या. नोंदणीतलं मालकाचं नाव आणि ईमेल तुमचं करून घ्या, कारण नूतनीकरणाच्या सूचना त्याच ईमेलवर जातात. नंतर सर्च कन्सोलमध्ये तुमच्या खात्यातून 'डोमेन' प्रकारची प्रॉपर्टी जोडा आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गूगलने दिलेली मजकुराची ओळ, टाकून मालकी सिद्ध करा. तो रेकॉर्ड नंतरही काढू नका. होस्टिंग, अ‍ॅनालिटिक्स आणि बिझनेस प्रोफाइल यांची मालकीही तपासा. पुढे कोणालाही काम दिलंत तर सर्च कन्सोलमध्ये 'पूर्ण' वापरकर्ता म्हणून घ्या, मालक म्हणून नको. प्रोफाइलवर मॅनेजर पुरे.

हिशेबी

एक पुरवणी. जुन्या मालकाला यादीतून नुसतं वगळून भागत नाही. त्याने पडताळणीसाठी साइटवर ठेवलेली एचटीएमएल फाइल किंवा मेटा टॅगही (पानाच्या कोडमधली खुणेची ओळ) काढा, नाहीतर तो कधीही पुन्हा मालक होऊ शकतो. हे टॅग बहुधा थीमच्या हेडरमध्ये किंवा एखाद्या एसईओ प्लगइनच्या रकान्यात सापडतात.