इंजिन तापल्यावर सेल्फ लागत नाही : जुन्या जीपचा स्टार्टर दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न

नमस्कार. वडिलांनी १९९४ साली घेतलेली डिझेल जीप आमच्याकडे अजून आहे आणि आंब्याच्या हंगामात ती रोज चालते. सकाळी सेल्फ एका चावीत लागतो. मात्र चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटणला गाडी बंद केली, की पुन्हा चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन हलत नाही. अर्धा तास थांबले की गाडी सुरू होते. गेल्या वर्षी स्टार्टरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) बदलले, दोन महिन्यांपूर्वी बॅटरी नवी घातली, तरी फरक नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनच्या मते आर्मेचर (स्टार्टरमधला तारेच्या गुंडाळीचा फिरणारा भाग) गेले असून पूर्ण स्टार्टरच बदलावा लागेल. मूळचा स्टार्टर वाचवता आला तर मला तो वाचवायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

स्टार्टर खाली उतरवण्यापूर्वी मीटर लावावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण एकदा तो टेबलावर आला की गाडीतल्या वायरिंगचा दोष सापडत नाही. गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला ठेवावा, इंजिन पेटू नये म्हणून स्टॉपची केबल ओढून धरायला कोणाला तरी सांगावे आणि गाडी तापलेली असतानाच तीन मापे घ्यावीत. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांमध्ये साधारण ९.६ व्होल्टपेक्षा कमी दाब दिसू नये. त्याच वेळी बॅटरीचे धन टोक आणि स्टार्टरचा जाड बोल्ट यांच्यामध्ये, तसेच ऋण टोक आणि स्टार्टरची बॉडी यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी. ‘टक्’ होऊनही बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास राहिली, तर विद्युतप्रवाह पुढे जातच नाही, म्हणजे सोलेनॉइडचे (चावी फिरवताच स्टार्टरला प्रवाह जोडणाऱ्या स्विचचे) तांब्याचे कॉन्टॅक्ट किंवा ब्रश तपासावेत. बॅटरी एकदम खाली बसली, तर स्टार्टर आतून अडकतो आहे किंवा शॉर्ट आहे. इंजिनाला चॅसीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी जुन्या गाडीत बाहेरून धड दिसते, पण बोल्टखाली गंजलेली असते.

प्रतिसाद २

वरील मापांशी मी सहमत आहे. ब्रश बदलूनही दोष राहिला, यावरून माझा संशय बुशवर (आर्मेचरच्या शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळीवर) आहे. आर्मेचर आणि भोवतालचे पोल शू (चुंबकाचे लोखंडी तुकडे) यांच्यामधली फट अगदी थोडी असते. बुश झिजून अंडाकृती झाला की चुंबकीय ओढीने आर्मेचर एका बाजूला झुकते आणि पोल शूला घासते. शिवाय तापमान ६० अंशांनी वाढले की तांब्याच्या तारेचा विरोध जवळजवळ एक चतुर्थांशाने वाढतो, त्यामुळे सकाळी कसाबसा फिरणारा स्टार्टर घाटानंतर हार मानतो. आर्मेचर बाहेर काढून उजेडात धरावे. त्याच्या काळपट अंगावर घासून चकाकणारा पट्टा दिसला, तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

नवा बुश सच्छिद्र ब्राँझचा असेल, तर बसवण्यापूर्वी तो रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा. वरून ग्रीस चोपडले तर छिद्रे बुजतात. कॉम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, ज्यावर ब्रश टेकतात) लेथवर हलकासा साफ करून घ्यावा आणि पट्ट्यांमधला मायका हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्याने सुमारे अर्धा मिलिमीटर खाली कोरावा. त्यासाठी एमरी वापरू नये, तिचे कण खाचांत अडकतात. बेंडिक्सचा (स्टार्टर इंजिनाला जोडणाऱ्या दातेरी भागाचा) क्लच पेट्रोलमध्ये धुण्याची चूक तर मुळीच करू नये, आतले ग्रीस निघून जाते आणि महिन्याभरात तो घसरू लागतो.

प्रतिसाद ३

आर्मेचर टाकून देण्याचा निर्णय ग्राउलरवर (गुंडाळीतला शॉर्ट शोधणाऱ्या यंत्रावर) तपासल्याशिवाय घेऊ नये; रिवाइंडिंग करणाऱ्या बहुतेक दुकानांत ते यंत्र असते आणि काम दोन मिनिटांचे असते. गुंडाळी शॉर्ट निघाली, तर मात्र मी रिवाइंडिंगच्या भरीस पडणार नाही, दुसरे चांगले आर्मेचर शोधेन. स्टार्टर काढलेलाच असेल, तर इंजिन हाताने फिरवून फ्लायव्हीलच्या रिंगचे (ज्यांत अडकून स्टार्टर इंजिन फिरवतो ते) दातही पाहावेत. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन जागीच थांबते, त्यामुळे दात तिथेच खाल्ले जातात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. पाटणला मापे घेतली : बॅटरी ८.८ व्होल्ट, धन बाजूची घट ०.३ आणि अर्थिंगच्या बाजूची तब्बल १.४. पट्टी सोडली, तेव्हा बोल्टखाली हिरवट भुकटी निघाली. नवी पट्टी लावल्यावर घट ०.२ वर आली, पण तापल्यावर सेल्फ तरीही जड फिरत होता, म्हणून स्टार्टर उघडला. आर्मेचरवर दोन बोटे रुंदीचा चकाकता पट्टा होता आणि बेंडिक्सच्या बाजूच्या बुशमध्ये शाफ्ट हाताने हलत होता. ग्राउलरवर आर्मेचर निर्दोष निघाले. दोन्ही बुश बदलले आणि कॉम्युटेटर साफ करून घेतला. काल घाट चढून पाटणला गाडी बंद केली आणि लगेच चावी फिरवली. सेल्फ सकाळसारखाच लागला. रिंगचे दात एका जागी थोडे खाल्लेले आहेत, ते क्लचप्लेटचे काम निघेल तेव्हा पाहणार आहे.