गड्डा शहराबाहेर न्या म्हणणाऱ्यांसाठी

बाळीवेसकर:
आपल्या सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर पाळणे-स्टॉलची जत्रा भरते, तो गड्डा. त्याच्याबद्दल काल इथं एकानं लिहिलंय, "गड्डा म्हणजे धूळ, भोंगे आणि ट्रॅफिक. अक्षता मंदिराजवळ होऊ द्या, पाळणे-स्टॉल सोलापूरच्या बाहेर न्या." वाचून डोकं फिरलं म्हणून एवढं लिहायलोय. अरे, होम मैदानाला होम मैदान का म्हणतात? संक्रांतीच्या रात्री होमप्रदीपन, म्हणजे होम पेटवणं, तिथंच होतं म्हणून. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम, मग कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) वस्त्रं उतरवणं, ही सगळी एकच यात्रा आहे, तिचे तुकडे करून एक इथं ठेव आणि एक तिकडं ने असं होत नाही. गावाकडून आलेली माणसं अक्षता टाकतात, तळ्याला वळसा घालतात आणि लेकराला पाळण्यात बसवून घरी जातात. तिसरी गोष्ट तोडली तर पहिल्या दोन पण हळूहळू सुटतात.

माझे काका नंदीध्वजाच्या काठीच्या सरावाला जायचे. यात्रेआधी कित्येक दिवस रोज संध्याकाळी. बाराबंदी घातलेला माणूस नंदीध्वज पेलून चालायला लागला की मान अजिबात हलत नाही, फक्त पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, आणि पाठीमागून "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ऐकू येतं. हे पाहिलेला माणूस ट्रॅफिकबद्दल बोलत नाही.

पार्क चौक:
मूळ पोस्ट माझीच. काठ्यांबद्दल मी एक शब्द तरी वाईट लिहिलाय का? वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तो दिवस अक्षतेचाच. रिक्षा पाऊण तास एका जागी. मी उतरून माणसांना हात जोडत पुढं पळत होतो. वडील वाचले, पण त्यानंतर मला पाळण्याचा भोंगा ऐकला की घाम फुटतो. तुम्ही म्हणता पाहिलेला माणूस बोलत नाही, मी लहानपणापासून पाहिलंय आणि बोलतोय.

पुण्यातली सोलापूरकरीण:
मला एक सांगा, गड्ड्यात आता आपलं खायला काय राहिलंय? गेल्या वर्षी मुलांना घेऊन आले, जिकडं बघावं तिकडं मंचुरियन आणि चीज लावलेलं काहीतरी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मागितली तर पोरगा माझ्याकडं बघतच राहिला. शेवटी बाहेरच्या दुकानातून अर्धा किलो चटणी घेतली, ती पण मिक्सरमधली निघाली. पीठ नुसतं.

जुळे सोलापूर:
ताई, मिक्सरची चटणी पण चांगली होते की, थांबून थांबून फिरवायची. सगळ्यांकडं उखळ कुठं राहिलंय आता.

पुण्यातली सोलापूरकरीण:
नाही होत. कुटताना शेंगांना तेल सुटतं, लसूण त्यात मुरतो आणि चटणी मुठीत दाबली की गोळा होतो. मिक्सरच्या पात्यानं फक्त बारीक होते. माझी आई उखळापाशी बसायची, तिखट टाकलं की सगळ्या घराला ठसका लागायचा, मुसळाला चिकटलेली चटणी आम्ही बोटानं काढून खायचो. हे मिक्सरवाल्यांना कसं सांगू.

जुळे सोलापूर:
माझी बायको नोकरी करून दोन पोरांचे डबे भरते, तिला सांगू का उखळ घेऊन बस म्हणून? आणि दुकानात तरी कोण हातानं कुटतंय, कांडप मशीनच आहे. आमच्या घरच्या चटणीला पीठ म्हणायचं काम नाही.

कसब्यातला:
कांडप आणि मिक्सर एक नाही बे. कांडपात मुसळच पडतंय वरून. आणि तिखट आधी टाकायचं नसतंय, शेंगा अर्ध्या कुटल्यावर टाकायचं.

बाळीवेसकर:
विषय काय चाललाय आणि तुम्ही कुठं चाललाय! कसब्यातले, तिखट लसणाबरोबरच जातं, आमच्या घरी तीन पिढ्या तसंच आहे.

पार्क चौक, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. माझं ते शेवटचं वाक्य चुकलं, मागे घेतो. अक्षतेच्या दिवशी ॲम्ब्युलन्ससाठी एक रस्ता पूर्ण मोकळा पाहिजे, तिथं एकही हातगाडी नको, हे मान्य. पण त्यासाठी गड्डा हलवायचा हे मान्य नाही. २०२१ ला कोरोनामुळं गड्डा भरला नव्हता तेव्हा मी त्या मैदानाच्या कडेनं गेलो होतो. भोगीचा दिवस, आणि मोकळ्या मैदानात दोन कुत्री झोपलेली. तसं परत बघायचं नाही मला.

पार्क चौक:
रस्ता खरंच मोकळा ठेवणार असतील तर पाळणे राहू द्या. पण ठेवत नाहीत, दरवर्षी बैठकीत ठरतं आणि दुसऱ्या दिवशी तिथं गाड्या लागलेल्या असतात. एक वर्ष करून दाखवा, मग मी ती पोस्ट काढतो. तोवर राहणार.

कसब्यातला:
बरोबर आहे त्यांचं. देवस्थानची पंचकमिटी आणि महापालिका दोघांना एकत्र निवेदन देऊया, मी सही करतो.

आणि तिखट नंतरच टाकायचं. आधी टाकलं की कुटताना डोळ्यात जातंय.

पुण्यातली सोलापूरकरीण:
सहीला मी पण आहे. भोगीला येतेय, बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घरचीच. चटणी यावेळी मी स्वतः कुटून आणते, जुळे सोलापूरवाल्यांनी खाऊन बघावी.

जुळे सोलापूर:
आणा. आमची मिक्सरची पण शेजारी ठेवतो.